पथ्य की गोळी? प्रश्नच चुकला आहे

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की हल्ली एखाद्या डब्याभोवती चर्चा रंगते. नुकताच मधुमेह निघालेले एखादे सर भात बाजूला सारतात आणि सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘गोळीच्या नादी लागू नका, एकदा लागली की सुटत नाही,’ असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, ‘गोळी चालू आहे ना? मग खा की लाडू.’ ही मते येतात कुठून, हे पाहण्यासाठी आम्ही नव्या मधुमेहींसाठी छापल्या जाणाऱ्या पुस्तिका, आरोग्य-पुरवण्यांतील लेख आणि दवाखान्यांतील तक्ते चाळले. कोणा एका लेखकाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण हा लेखनप्रकार तपासायला हवा, कारण तो वाचून माणसे औषध सुरू करतात किंवा बंद करतात.

पहिली उणीव ‘साखर’ या शब्दापासूनच सुरू होते. ‘साखर बंद’ हे ठळक अक्षरांत असते, पिष्टमय पदार्थांचा उल्लेख मात्र ओझरता. गुळाला कुठेकुठे सूट मिळते. वस्तुतः गूळही मुख्यतः सुक्रोजच. भाकरी, भात, पोहे यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोजच होते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, हा वर्गातला जुना प्रयोग इथे आठवावा. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. तरीही एकादशीला वाटीभर खिचडी खाणाऱ्याला आपण पथ्य पाळले असेच वाटते. उलट, सल्फोनिलयुरिया गटातील गोळी घेऊन कडकडीत उपवास केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली सांगणाऱ्या लेखांनी आपल्या घरातल्या या दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पथ्य म्हणजे ‘नैसर्गिक’ आणि गोळी म्हणजे जणू पराभव, अशी मांडणी केली जाते. अंकगणितातला हौद आणि नळ आठवा. रक्तातील ग्लुकोजच्या हौदाला दोन नळ आहेत. एक आतड्यातून, म्हणजे जेवणातून येणारा; दुसरा यकृतातून, जो रात्री झोपेतही चालू असतो. इन्सुलिन दुसरा नळ आवरते आणि ग्लुकोज पेशींत पोहोचवून हौद रिकामाही करते. टाइप-२ मधुमेहात हे काम मंदावते. पथ्याने पहिला नळ ताबडतोब कमी होतो. मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः दुसरा नळ आवळते. मग ‘हा की तो’ हा प्रश्न उरतोच कुठे? आणि ‘नैसर्गिक’ म्हणायचे तर मेटफॉर्मिनच्या शोधाचा धागा गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतील द्रव्यापर्यंत जातो. जाँ स्टेर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये मधुमेहावरील तिच्या उपयोगाची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

पुरावा काय सांगतो? ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा अभ्यास झाला. सर्वांना आधी तीन महिने केवळ आहारावर ठेवले होते. मापदंड होता एचबीए-१सी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. नऊ वर्षांनंतर हा आकडा ७ टक्क्यांखाली राखणारे रुग्ण केवळ आहाराच्या गटात ९ टक्के, तर एकट्या सल्फोनिलयुरियाच्या गटात २४ टक्के होते. म्हणजे एकटे पथ्य अपुरे पडले, तशी बहुतेकांना एकटी गोळीही पुरली नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमताच वर्षागणिक घटत जाते. पुढे गोळी वाढली म्हणजे रुग्ण हरला, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय आहे.

याच रुग्णांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला पुढचा अहवाल आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच गटांमधला साखरेचा फरक मिटला. तरी आधी साखर काटेकोर आटोक्यात ठेवलेल्यांना त्याचा लाभ पुढे दहा वर्षे दिसत राहिला. डोळे आणि मूत्रपिंडे सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब ठेवतात. ‘आधी सहा महिने काढा करून पाहू’ या सल्ल्याची किंमत इथे मोजावी लागते.

तिसरी उणीव मथळ्यांची. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे छापताना ज्या अभ्यासाचा आधार घेतला जातो, तो ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंड व टाइनसाइडमधील ३०६ जणांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० किलोकॅलरींचा आहार दिला. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होते. दोन वर्षांनी ३६ टक्के. निष्कर्ष मोठा आहे आणि पथ्याची ताकद दाखवणारा आहे. पण मथळ्यात काय गळते? हे सर्व स्थूल होते, निदान सहा वर्षांच्या आतले होते, कोणी इन्सुलिनवर नव्हते आणि औषधे देखरेखीखाली थांबवली होती. संशोधकांनी ‘बरा’ हा शब्दही वापरला नाही. त्यांचा शब्द उपशम असा आहे.

शिवाय आपली शरीरे वेगळी आहेत. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपलीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के! दिसायला सडपातळ माणसाला ‘वजन घटवा’ एवढेच सांगणारी पुस्तिका म्हणूनच अपुरी ठरते.

आणि एक गाळलेली ओळ. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या टाइप-१ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. १९२२ पूर्वी अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर जगवायचा प्रयत्न होई. ती फार काळ जगत नसत. तिथे इन्सुलिनला पथ्याचा पर्याय नाही. ‘औषधाविना मधुमेह’ असे लिहिणाऱ्याने ‘कोणता मधुमेह?’ हे सांगितले नाही, तर ती नुसती चूक राहत नाही. एखाद्या मुलाच्या जिवाशी खेळ होतो.

शिक्षकांनी असा एखादा लेख वर्गात आणावा आणि नववी-दहावीच्या मुलांना चार प्रश्न विचारायला लावावेत. अभ्यास कोणावर झाला? किती काळ? कशाशी तुलना केली? आणि अभ्यास संपल्यावर पुढे काय झाले? या चारांची उत्तरे न देणारा लेख वाचून कोणी डब्यातला भात थोडा कमी केला तर फारसे बिघडणार नाही. पण डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करण्यापूर्वी तो लेख बाजूला ठेवावा.