स्वीडनचे लिनन : वीण टिकली, पीक गेले

दरवर्षी 10 डिसेंबरला स्टॉकहोमच्या नगरभवनात नोबेल पुरस्कारांची मेजवानी होते. सुमारे तेराशे पाहुणे ज्या टेबलांशी बसतात, त्यांवरचे लिनन वर्मलँड प्रांतातल्या क्लेसबोल या लहानशा गावातून येते. 1920 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या विणकारखान्यात 1991 पासून हे कापड विणले जाते. त्याची नक्षी वस्त्रकलाकार इंग्रिड देसाऊ यांची. वीण दमास्क. कापडाच्या काही भागांत ताण्याचे धागे वर येतात, काही भागांत बाण्याचे. त्यावर उजेड वेगवेगळा पडतो आणि नक्षी उमटते. नजर किंचित हलली तरी ती बदलते.

पण स्वीडिश लिननची थोरवी मेजवानीपुरती नाही. टॉवेल, टेबलक्लॉथ, चादरी, हात पुसायची फडकी अशा रोजच्या वस्तूंत तिथल्या शेतकरी बायकांनी जी कारागिरी ओतली, तीच या कलेचे खरे भांडार आहे.

लिननचा धागा जवसाच्या खोडातून निघतो. विदर्भात जवस पिकते ते तेलासाठी आणि चटणीसाठी. उत्तरेत त्याच जातीची उंच वाणे धाग्यासाठी लावली गेली. रोप मुळासकट उपटायचे, बोंडे काढून टाकायची, खोड ओलाव्यात कुजवायचे, वाळवून मोडायचे, झोडपायचे, लोखंडी दातांच्या फणीतून विंचरायचे आणि मग कातायचे. हेल्सिंगलँड प्रांत या कामासाठी नावाजलेला. झोडपण्याच्या कष्टाला तिथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी यंत्रे जोडली गेली आणि 1729 मध्ये फ्लोर येथे लिननचा कारखाना उभा राहिला. जवस आणि जंगल यांतून आलेल्या सुबत्तेवर शेतकऱ्यांनी रंगवलेल्या दालनांची मोठी लाकडी घरे बांधली. त्यांतली सात घरे 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

घरातले लिनन ही मुलीच्या लग्नाची तयारी असे, आणि आपल्याकडच्या रुखवतासारखी ती चारचौघांना दाखवण्याचीही गोष्ट होती. कापडावर लाल दोऱ्याने नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घालत. रोजच्या टॉवेलवर एक शोभेचा टॉवेल टांगत. विणीही परोपरीच्या: चौकटींच्या नक्षीची ‘ड्रेल’, दालार्ना प्रांताच्या नावाची ‘डाल्ड्रेल’, दक्षिणेकडच्या स्कोनेत लिननच्या पांढऱ्या पोतावर निळे-लाल धागे उचलून काढलेली ‘ओपहेमता’.

एकोणिसाव्या शतकात गिरणीचे स्वस्त सुती कापड आले आणि घरचे माग माळ्यावर गेले. पडझड थांबवण्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांत स्त्रियांचा पुढाकार होता. 1874 मध्ये ‘हांडारबेटेट्स व्हेनर’ ही संस्था निघाली. 1899 मध्ये लिली झिकरमान यांनी हस्तकला संघ स्थापन केला आणि पुढे गावोगावच्या लोकवस्त्रांची हजारो छायाचित्रांसह नोंद करून घेतली. हे ऋण मोठे आहे. मात्र या चळवळीने निवडही केली: काय अस्सल, काय सुंदर, हे तिने ठरवले. गिरणीचे सूत किंवा बाजारातला भडक रंग बेधडक वापरणारी विणकरीण त्या चौकटीत सहज बसली नाही. परंपरा वाचली, पण तिच्यातली मोकळीक थोडी आवळली गेली.

ती मोकळीक परत आणण्याचा ठोस प्रयत्न आस्ट्रिड साम्पे यांनी केला. स्टॉकहोमच्या एनके या मोठ्या दुकानाच्या वस्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या. 1955 मध्ये आल्मेडाल्स कंपनीसाठी त्यांच्या पुढाकाराने आलेल्या लिनन मालिकेने स्वयंपाकघरातल्या टॉवेलला नामवंत कलाकारांच्या आरेखनाचा मान दिला. जुन्या नक्षीची नक्कल न करता जुन्या वस्तूचा उपयोग जपायचा, ही त्यांची वाट आजही सर्वांत सकस वाटते.

आजचे चित्र संमिश्र आहे. 1692 पासूनचा वारसा सांगणारे हॉरेडचे एकेलुंड घराणे अजून विणते. हेल्सिंगलँडमध्ये ‘व्हेक्सबू लिन’ या कंपनीने ओटा पुसायच्या साध्या फडक्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. इन्शून येथील सेटरग्लेंतान ही 1922 पासूनची शाळा नवे हात घडवते. धाग्यासाठीचा जवस मात्र स्वीडनच्या शेतांतून जवळजवळ नाहीसा झाला. महायुद्धांच्या काळात टंचाईमुळे तो परतला आणि नंतर पुन्हा हटला. आता युरोपातल्या लिननचे पीक मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीवर येते. हौशी लोकांना चौरस मीटरभर जागेत जवस पेरायला लावणारे उपक्रम उत्साह वाढवतात, पण त्यातून माग चालत नाहीत.

म्हणून या कलेबद्दलचा निवाडा दोन भागांत द्यावा लागतो. वीण आणि आरेखन जोमात आहेत. शेतापासून सुतापर्यंतची साखळी तुटलेली आहे. संग्रहालयांत जुने टॉवेल जपण्याइतकीच निकड आता धागा काढण्याच्या आणि कातण्याच्या लहान गिरण्यांची आहे. स्वीडनच्या हस्तकला संस्थांनी पुढचा पैसा आणि पुढची मेहनत तिथे घालावी.