गोदीचा वारसा आणि ‘बलुतं’

मुंबईच्या गोद्यांचा इतिहास बहुधा जहाजांच्या व बांधकर्त्यांच्या नावांनी सांगितला जातो. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया, अठराव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेली सुकी गोदी, मलबारी सागवानाची गलबते, आणि पुढे ससून (१८७५), प्रिन्सेस (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या, असा तो क्रम आहे. येथे १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. हा इतिहास खरा आहे. परंतु त्यातील वाक्यांचा कर्ता तपासला असता तो जहाज, अभियंता किंवा विश्वस्त मंडळ असतो. ज्यांच्या हातांनी ही कामे झाली, ते कर्मणिप्रयोगाच्या आड लुप्त होतात.

या लुप्त कर्त्याचा मागोवा घेताना एक साधन समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर सापडते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे ते आत्मकथन होय. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना या दोन स्थळांमध्ये ते हिंदोळत राहते. निवेदकाचे वडील मुंबईच्या ड्राय डॉकमध्ये कामाला होते. हा ग्रंथ गोदीचा इतिहास नव्हे, आणि तसा दावाही तो करीत नाही. तथापि गोदी ज्या कुटुंबाच्या आयुष्यात केवळ रोजगाराच्या रूपाने शिरली, त्या कुटुंबाची साक्ष त्यात आहे.

सुक्या गोदीचे कार्य असे: भरतीच्या वेळी जहाज आत घ्यावयाचे, दरवाजा बंद करून पाणी उपसावयाचे, आणि उघडा पडलेला तळ खरवडून, दुरुस्त करून, रंगवून जहाज पुन्हा पाण्यावर सोडावयाचे. ‘सुकी गोदी’ हा पर्याय मराठीत उपलब्ध असला तरी कष्टकऱ्यांच्या घरांत ‘ड्राय डॉक’ हेच नाव रूढ झाले. हा शब्द शाळेच्या वाटेने आलेला नाही. तो कामाच्या ठिकाणाहून, कानांवाटे आला. इंग्रजीचा गंध नसलेल्या घरातही तो विशेषनामासारखा वापरला जातो. त्याउलट ‘खलाशी’ आणि ‘सारंग’ हे शब्द अनुक्रमे अरबी व फारसी मुळाचे असून कित्येक पिढ्यांपूर्वी मराठीत मुरले आहेत. शब्दांचे हे थर म्हणजे बंदराच्या इतिहासाचेच थर होत.

ग्रंथाच्या शीर्षकाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. बलुते हा जातीने नेमून दिलेल्या कामाचा धान्यरूप वाटा. गोदीतील वेतन हा रोख मोबदला. पहिल्यातून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे मुक्ती, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती औद्योगिक वारशाच्या लेखनात आढळते. पवार मात्र गावाकडच्याच शब्दाखाली शहरातील आयुष्यही आणतात. गिरण्या व गोद्या यांनी वाटा देण्याची रीत बदलली, वाटा ठरविणारी व्यवस्था सर्वस्वी बदलली नाही, असा या निवडीचा अर्थ घेता येतो. येथे आक्षेप संभवतो की एका कुटुंबाच्या अनुभवावरून सर्व गोदी कामगारांविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर ही साक्ष बाजूस सारणे हे नसून तिच्या जोडीला अधिक साक्षी मिळविणे हे आहे.

बंदराच्या जमिनीच्या नव्या उपयोगाच्या चर्चेत भिंती, याऱ्या व दरवाजे यांच्या जतनाचा विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. दगडी भिंत मात्र आणखी शतकभर टिकू शकते; अकोले-संगमनेर परिसरातील घरांमध्ये गोदीतून आलेले शब्द आणि आठवणी एका पिढीपलीकडे टिकतीलच असे नाही. त्या शब्दांची प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून नोंद करणे हे भाषाभ्यासाचे काम आहे. ते न झाल्यास वारसा म्हणून गोदी उरेल आणि गोदी कामगार पुन्हा कर्मणिप्रयोगातच राहील.