टाउन हॉल, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलच्या पूर्वेस असलेली नव-अभिजात शैलीची इमारत. ‘एशियाटिक लायब्ररी’ या नावानेही ती परिचित आहे. ग्रीक वास्तुशैलीच्या पुनरुज्जीवनाचा भारतातील एक ठळक नमुना म्हणून तिची गणना होते. ग्रीक मंदिराचे रूप आणि सरकारी कचेरीची गरज यांची तिच्यात घातलेली सांगड, हा तिच्या वास्तुकलेतील मुख्य प्रश्न होय.

लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे या संस्थेचे (१८०४) संस्थापक सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी नगरभवनाची कल्पना मांडली. त्यासाठी सोडती काढून निधी उभारण्यात आला. १८२१ मध्ये बांधकाम सुरू झाले. परंतु पैसा अपुरा पडला, तेव्हा कचेऱ्यांना जागा मिळावी या अटीवर सरकारने उर्वरित खर्चाचा भार उचलला. १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. तिचा वास्तुकल्प बॉम्बे एंजिनिअर्सचे कर्नल टॉमस कूपर यांचा होता. त्यांच्या मृत्यूनंतर इतर अभियंत्यांनी काम तडीस नेले.

दर्शनी भागी आठ डोरिक स्तंभांचा द्वारमंडप असून त्याच्यापुढे तीस पायऱ्यांचा विस्तीर्ण सोपान आहे. स्तंभ पन्हळीदार असून ग्रीक प्रघातानुसार त्यांना तळखडे नाहीत. अथेन्सच्या पार्थेनॉनलाही दर्शनी भागी आठच डोरिक स्तंभ आहेत. मात्र तेथे स्तंभांखाली तीनच मोठे टप्पे आहेत. येथे मुख्य दालन तळमजल्यावरील कचेऱ्यांच्या डोक्यावर असल्याने मंदिराचे मुख एक मजला वर उचलावे लागले आणि ती उंची गाठण्यासाठी सोपान आवश्यक झाला. अडचणीतून निघालेला हा उपायच वास्तूचे सर्वांत प्रभावी अंग ठरला. आतील रचनेला मात्र ही एकात्मता लाभलेली नाही. सभागृह, ग्रंथालय व कचेऱ्या या भिन्न गरजांची दालने एकाच दर्शनी भागामागे बसविलेली असल्याने बाहेरून आतील व्यवस्थेचा बोध होत नाही.

हवामानाच्या बाबतीत कूपर यांनी शैलीला मुरड घातली. खिडक्यांवरील छज्जे व लाकडी झडपा यांना ग्रीक मंदिरात स्थान नाही. परंतु मुंबईच्या उन्हापावसात त्यांच्याविना इमारत वापरणे कठीण झाले असते. द्वारमंडपाची गडद सावलीही शोभेबरोबर उपयोगाची आहे. जवळच मेजर जॉन हॉकिन्स यांनी बांधलेल्या टाकसाळीचा (१८२४–२९) आयोनिक द्वारमंडप तुलनेने संयत आहे. टाउन हॉलची भव्यता सोपानाच्या रुंदीतून व स्तंभांच्या जाडीतून येते. तीत सत्तेचे प्रदर्शनही आहे.

हे प्रदर्शन सूचक आहे. नगराच्या नावाने उभ्या राहिलेल्या या वास्तूत स्थान मिळविलेल्या विद्वत्संस्थेचे सभासदत्व १८४० च्या सुमारापर्यंत एतद्देशीयांना बंद होते. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचण्यात आला. पुढे एल्फिन्स्टन, मॅल्कम यांच्या पुतळ्यांबरोबरच जमशेटजी जिजीभाई व जगन्नाथ शंकरशेट यांचेही पुतळे येथे बसविण्यात आले. वास्तूचे रूप न बदलता तिच्यावरील नगराचा हक्क असा विस्तारत गेला.

१८६० नंतर तटबंदी पाडण्यात आली. इमारतीसमोरील मोकळ्या मैदानावर एल्फिन्स्टन सर्कल (नंतरचे हॉर्निमन सर्कल) आखण्यात आले व १८७२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या अर्धवर्तुळाकार इमारतींमुळे टाउन हॉलला एक सुयोग्य प्रांगण लाभले. मात्र नगरपालिकेची स्वतंत्र इमारत (१८८४–९३) बांधताना एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी अभिजात शैली सोडून गॉथिक व भारतीय घटकांचा मेळ घातला. यावरून नगरशासनाचे प्रतीक म्हणून ग्रीक मंदिराचे आकर्षण तोपर्यंत ओसरले होते, असे दिसते.

कचेरी म्हणून टाउन हॉलची रचना सदोष असली, तरी ग्रंथालय व सार्वजनिक स्थान म्हणून ती टिकून राहिली. सत्तेचा आब दर्शविण्यासाठी योजलेल्या तिच्या पायऱ्यांवर आज वाचक व वाटसरू विसावतात. तिच्या वास्तुरचनेचे खरे यश याच खुलेपणात आहे.