मदत की देणं? पॅरिस कराराच्या भाषेविषयी

आज आपण पॅरिस करार वाचणार आहोत, पण दीड अंश की दोन अंश या वादासाठी नाही. आपला प्रश्न साधा आहे. श्रीमंत देशांनी गरीब देशांना पैसे द्यायचे, ते कोणत्या नात्यानं? दाता म्हणून, की ऋणको म्हणून?

सुरुवात १९९२ च्या रिओ परिषदेपासून करू. तिथल्या आराखडा करारात 'समान पण विभेदित जबाबदाऱ्या' हे तत्त्व आलं. आकाश सगळ्यांचं, म्हणून जबाबदारी समान. धूर सगळ्यांनी सारखा सोडलेला नाही, म्हणून वाटा वेगळा. इथवर ठीक. पण त्याच वाक्यात पुढे 'आणि ज्याची त्याची क्षमता' अशी जोड आहे. आता बघा, एका वाक्यात दोन कारणं बसली: तुम्ही नुकसान केलंत म्हणून द्या, आणि तुम्हाला परवडतं म्हणून द्या. पहिलं कारण न्यायाचं, दुसरं औदार्याचं. श्रीमंत देशांनी गेली तीस वर्षं दुसरंच वाचलं.

२०१५ च्या पॅरिस करारात हे अधिक स्पष्ट झालं. आठव्या कलमानं हवामानबदलामुळे होणारी हानी मान्य केली. पण करारासोबतच्या निर्णयाच्या ५१ व्या परिच्छेदात म्हटलं, की या कलमातून उत्तरदायित्व किंवा नुकसानभरपाई यांना कसलाही आधार मिळत नाही. म्हणजे जखम मान्य, जखम करणारा अमान्य. उत्सर्जन घटवण्यात विकसित देशांनी पुढाकार 'घेतलाच पाहिजे' असं मसुद्यात होतं. अमेरिकेच्या हरकतीनंतर अखेरच्या तासांत तिथे 'घ्यावा' आलं. एका क्रियापदानं कर्तव्याची शिफारस झाली.

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस का पाडता? कारण मदतीची रक्कम, वेळ आणि अटी देणारा ठरवतो. देणं असलं तर ते ठरवण्याचा हक्क एकट्याचा राहत नाही. २००९ मध्ये कोपनहेगनला वचन दिलं गेलं, की २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. श्रीमंत देशांच्याच हिशेबानं तो आकडा प्रथम २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातल्या सार्वजनिक पैशाचा मोठा भाग कर्जाऊ होता. ऋणकोनं धनकोलाच कर्ज द्यावं, असा हा व्यवहार! त्याच वर्षी पाकिस्तानात महापूर आला. नुकसान सुमारे ३० अब्ज डॉलरचं. त्या देशाचा जागतिक उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याहून कमी. पुढच्या वर्षी दुबईत हानी-निधी सुरू झाला, तेव्हा साऱ्या जगासाठी मिळालेली आश्वासनं होती सुमारे ७० कोटी डॉलरची.

आता दुसरी बाजू. एक आक्षेप असा: आमच्या आजोबा-पणजोबांनी कोळसा जाळला, त्यांना परिणाम ठाऊक नव्हते, मग दंड आम्हाला का? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण १८५० ते २०१९ या काळातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ४२ टक्के १९९० नंतरचा आहे, म्हणजे सगळं कळल्यानंतरचा. आणि आधीच्या काळाबद्दल म्हणाल, तर वारस म्हणून जमीन घ्यायची आणि सातबाऱ्यावरचा बोजा मात्र नाकारायचा, हे आपल्याकडे कुठलाही तलाठी ऐकून घेणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: ५१ वा परिच्छेद नसता तर अमेरिका आलीच नसती, करारच झाला नसता. बहुधा खरं आहे. पण त्या सहकार्याची किंमत कुणी मोजली? बुडणाऱ्या बेटांनी. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं करारातून बाहेर पडण्याची घोषणा दुसऱ्यांदा केलीच. दाता हात आखडता घेऊ शकतो. हाच मदतीच्या भाषेतला मूळ दोष.

म्हणूनच वानुआतूसारख्या लहानशा देशानं धरलेली वाट महत्त्वाची वाटते. पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली मागणी आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं मत दिलं, की हवामानविषयक कर्तव्यांचा भंग हे बेकायदा कृत्य ठरतं आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास भरपाईही द्यावी लागू शकते. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही. तरी जो शब्द पॅरिसनं दाराबाहेर ठेवला होता, तो परत आत आला.

शेवटी एक गोष्ट आपल्यासाठी. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन यांत फरक केला होता. भातखाचरातला मिथेन आणि मोटारीचा धूर एका तराजूत तोलू नका, हे त्यांचं म्हणणं. आपण ते जगाला ऐकवतो, आणि ऐकवलंच पाहिजे. पण भारताच्या दरडोई सरासरीत चूल पेटवणारी बाईही आहे आणि घरातल्या प्रत्येक खोलीत एसी लावणारे आपल्यातलेही आहेत. तिच्या सरासरीआड आपण लपलो, तर श्रीमंत देशांना विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. न्यायाचा निकष सरहद्दीपाशी थांबत नाही. तो दोन्हीकडे लावायची तयारी असेल, तरच 'हे आमचं देणं आहे' असं जगाला सांगण्यात बळ येईल.

आता आपण प्रश्न घेऊ.