कल्याणचे निनावी बिशप

सणासाठी लिहिलेल्या एका नाटुकल्याची संहिता अभिप्रायार्थ आमच्याकडे आली. विषय, सहाव्या शतकातील कल्याणचे संत बिशप. लेखकाने त्यांना नाव दिले आहे, आईवडील दिले आहेत, दोन चमत्कार आणि अखेरीस हौतात्म्यही बहाल केले आहे. संवाद रसाळ आहेत. परंतु यातील एकाही गोष्टीला आधार नाही.

आधार आहे तो एका वाक्याचा. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने इ. स. ५५०च्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिलेल्या ग्रंथात, ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे आपले ठाण्यानजीकचे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींनी कर्नाटक किनाऱ्याकडेही बोट दाखविले आहे. पृथ्वी सपाट आहे असे हिरिरीने सांगणारा हा कॉस्मस बंदरांविषयी लिहू लागला, की आम्हांस विश्वासार्ह वाटतो.

त्याच शतकात तूर नगरीचे बिशप संत ग्रेगरी (कारकीर्द ५७३ ते ५९४) संतचरित्रे लिहीत होते. चमत्कारांची त्यांना केवढी ओढ! तरीही भारतात संत थोमाच्या कबरीपुढे तेलावाचून तेवणाऱ्या दिव्याची हकीकत सांगताना, ती तेथे जाऊन आलेल्या थिओडोरने सांगितली, हे नमूद करण्यास ते विसरत नाहीत. संतचरित्र म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. पण सांगणारा कोण, एवढे तरी वाचकाला कळावे.

संहितेतील बिशप लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करतात, रोमला पत्र धाडतात. वास्तविक पर्शियाच्या ख्रिस्तसभेची उपासना सिरियाक भाषेत चाले आणि ती रोमच्या अधिकाराखाली नव्हती. पूर्वसूरींना आपल्यासारखे करून घेण्याची ही घाई आम्हांस सर्वांत खटकली.

आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आहे. तेवढ्यावरून येथे ग्रीकांची वस्ती होती असे कोणी म्हणत नाही. मूर्ती मालाबरोबर येऊ शकते. बिशप मात्र माणसांसाठी येतात. म्हणजे कल्याणला श्रद्धावंतांचे कुटुंब होते. त्यांच्याविषयी संहितेत अवाक्षर नव्हते. तसे आम्ही लेखकाला कळविले.

दोन आठवड्यांनी संहिता पुन्हा आली. नाव, चमत्कार, हौतात्म्य, सारे गेले होते. आता पडदा उघडतो तो कल्याणच्या धक्क्यावर. पाच माणसे गलबताची वाट पाहत उभी आहेत, आणि येणाऱ्याची भाषा त्यांतल्या दोघांनाच कळते.