मोबदला म्हणून मताधिकार : ‘स्टीम’च्या श्वेतपत्रिकेची चिकित्सा

प्रस्तावना

श्रमाचा मोबदला वेतनाच्या रूपाने द्यावा, नफ्यातील वाट्याच्या रूपाने द्यावा की निर्णयातील अधिकाराच्या रूपाने द्यावा, हा प्रश्न अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन्ही विद्याशाखांना जुना आहे. आंतरजालावरील विकेंद्रित संघटनांनी तो गेल्या काही वर्षांत नव्याने उपस्थित केला. जिला कार्यालय नाही, एक मालक नाही आणि जिचे सभासद एकमेकांना खऱ्या नावानेही ओळखत नाहीत, अशा संघटनेचा कारभार कोणाच्या मताने चालावा? यावर दिले गेलेले एक उत्तर वरवर पाहता न्याय्य वाटते. जो काम करतो त्याला मत द्यावे आणि जो अधिक काम करतो त्याला अधिक मते द्यावीत, असे ते उत्तर आहे.

प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी ‘स्टीम’ या जाळ्याची २०१६ ची श्वेतपत्रिका आधाराला घेतली आहे. योगदानाच्या बदल्यात मताधिकार ही कल्पना त्या दस्तऐवजात स्पष्टपणे मांडलेली आहे आणि २०२० मध्ये तिची कठोर परीक्षाही झाली. योगदानाने मताधिकाराचे दार उघडावे. परंतु मताचे वजन योगदानाच्या मापाने ठरू नये आणि ते मत खरेदी-विक्रीची वस्तू होऊ नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

श्वेतपत्रिकेची मांडणी

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांच्या पुढाकाराने मार्च २०१६ मध्ये स्टीमची ब्लॉकचेन सुरू झाली. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक खातेवही. तिच्यातील नोंद कोणा एकाला परस्पर बदलता येत नाही. या खातेवहीवर ‘स्टीमिट’ हे संकेतस्थळ उभे राहिले. तेथे लेख लिहिणाऱ्यास आणि चांगला लेख मत देऊन वर आणणाऱ्यास टोकनच्या रूपाने मोबदला मिळे.

या योजनेमागे श्वेतपत्रिका तीन तत्त्वे सांगते. पहिले, उपक्रमाला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रमाणात मालकी अथवा मोबदला मिळावा. दुसरे, सर्व प्रकारचे भांडवल समान मोलाचे मानावे. म्हणजे घाम गाळणाऱ्याचा वाटा पैसा गुंतवणाऱ्याच्या वाट्याइतकाच मोलाचा ठरावा. तिसरे, समूहाने आपल्या सभासदांच्या सेवेसाठी उत्पादन करावे. या तिसऱ्या तत्त्वासाठी पतसंस्था व अन्नधान्याच्या सहकारी संस्था यांचा दाखला दिला आहे. सहकाराशी नाते श्वेतपत्रिकेने स्वतःच सांगितले असल्यामुळे सहकाराच्या कसोटीवर तिला पारखणे गैर ठरणार नाही.

प्रत्यक्ष यंत्रणा अशी होती. लेखकाच्या मोबदल्याचा सर्वसाधारणपणे अर्धा भाग ‘स्टीम पॉवर’ या नावाने मिळे. तो लगेच विकता येत नसे. मूळ योजनेत तो १०४ साप्ताहिक हप्त्यांत मोकळा होई. ज्याने आपली मालमत्ता दोन वर्षे अडकवून ठेवली तो दूरवरच्या हिताचा विचार करून मत देईल, असे त्यामागील गृहीतक होते. स्टीम पॉवरच्या प्रमाणात दोन अधिकार मिळत. मोबदल्याचे वाटप कोणाकडे वळावे हे सांगण्याचा एक. आणि खातेवही चालवणाऱ्या, नियमांतील बदल स्वीकारणाऱ्या वा नाकारणाऱ्या ‘साक्षीदारां’ची निवड करण्याचा दुसरा. प्रत्येक खात्याला ३० साक्षीदारांपर्यंत मत देता येई आणि प्रत्येक मताला खात्याचे पूर्ण वजन मिळे. मते विभागली जात नसल्यामुळे ज्याच्याजवळ सर्वाधिक वजन त्याला पहिल्या वीसही जागा भरता येत. अल्पमताला प्रतिनिधित्वाची हमी देणारी तरतूद या रचनेत नव्हती.

सहकाराचा अर्धाच वारसा

१८४४ मध्ये रॉचडेल येथील कामगारांनी काढलेल्या संस्थेपासून सहकाराच्या परंपरेत लाभ आणि मत यांची फारकत केलेली आहे. भागभांडवलावर मर्यादित व्याज मिळावे, संस्थेशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात अधिलाभ मिळावा, परंतु सभेत हात वर करताना प्रत्येकाचा हात एकच मानला जावा, असा तो दंडक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्येही सभासदाला एकच मत, हे तत्त्व आले आहे. आपल्याकडील संस्थांमध्ये हे तत्त्व किती निष्ठेने पाळले जाते हा स्वतंत्र विषय आहे. तत्त्व म्हणून ते निःसंदिग्ध आहे.

श्वेतपत्रिकेने सहकारातून लाभाच्या वाटपाची कल्पना घेतली आणि मताची समता मात्र सोडून दिली. ‘सर्व भांडवल समान मोलाचे’ या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ येथेच उघड होतो. वर्षभर लिहून मिळवलेले टोकन आणि बाजारातून एका दिवसात विकत घेतलेले टोकन यांत खातेवहीला कोणताही भेद दिसत नव्हता. श्रमाला भांडवलाच्या पंगतीला बसवण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु पंगतीला बसताच त्याची ओळखही पुसली गेली. समता प्रस्थापित झाली ती भांडवलाच्या दोन प्रकारांमध्ये, माणसांमध्ये नव्हे.

या विषमतेत प्रारंभीच्या गणिताने भरच घातली. जून २०१७ पर्यंत मोबदल्याचे सूत्र मतवजनाच्या वर्गाशी निगडित होते. म्हणजे दसपट वजनाच्या मताचा प्रभाव शंभरपट होई. पुढे ते सरळ प्रमाणावर आणण्यात आले. दरम्यान २०१७ मध्ये मतशक्ती दुसऱ्याकडे तात्पुरती सोपवण्याची सोय झाली होती. तिच्या आधारे मते भाड्याने देणाऱ्या स्वयंचलित सेवा फोफावल्या. लेखकाने पैसे मोजावेत आणि आपल्याच लेखावर मत घ्यावे, अशी उलटी गंगा वाहू लागली. अडकवणुकीची मुदत तर त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, १०४ आठवड्यांवरून १३ आठवड्यांवर आणण्यात आली होती.

श्वेतपत्रिकेला गैरवापराची कल्पना नव्हती असे नाही. टोपलीतील खेकड्यांची गोष्ट तीत आली आहे. एखादा खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याला खाली ओढतात. त्याचप्रमाणे स्वतःलाच मते देणाऱ्याला इतर सभासद रोखतील, असा तिचा आशय आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट परिचित आहे, पण आपण ती मत्सराचे उदाहरण म्हणून सांगतो. श्वेतपत्रिकेने तिला संरक्षक व्यवस्था मानले. त्यातील गृहीतक असे की सर्व खेकडे साधारण सारख्याच बळाचे असतील. ज्या टोपलीत एक खेकडा इतर सर्वांच्या बेरजेइतका मोठा असतो, तेथे ही व्यवस्था कशी चालावी याचे उत्तर तीत मिळत नाही.

२०२० ची परीक्षा

तसा एक खेकडा पहिल्यापासून टोपलीत होता. संस्थापक कंपनीने जाळे सुरू होतानाच टोकनांचा फार मोठा साठा स्वतःकडे निर्माण करून घेतला होता. पुढील काळात तो एकूण टोकनांच्या सुमारे एक-पंचमांश राहिला. विकासकार्यासाठी राखीव अशी त्याची ओळख होती. १४ फेब्रुवारी २०२० रोजी ‘ट्रॉन’चे संस्थापक जस्टिन सन यांनी ही कंपनी विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि तिच्याबरोबर हा साठाही त्यांच्याकडे गेला. तेव्हाच्या साक्षीदारांनी सॉफ्टवेअरमध्ये बदल करून या साठ्याचा वापर तात्पुरता गोठवला. २ मार्च रोजी बायनान्स, हुओबी व पोलोनिक्स या तीन विनिमय केंद्रांच्या खात्यांतील मतांचे बळ सन यांच्या बाजूला उभे राहिले आणि पहिल्या वीस जागांवरील साक्षीदार एका दिवसात बदलले गेले. विनिमय केंद्रांनी वापरलेली टोकने ग्राहकांनी ठेव म्हणून ठेवलेली होती. बायनान्स व हुओबी यांनी पुढे आपली मते मागे घेतली.

या प्रसंगाकडे केवळ एका उद्योजकाची चढाई म्हणून पाहिले, तर मूळ दोष नजरेआड होतो. सन यांनी मतदानाचा कोणताही नियम मोडला नव्हता. मत ही जंगम मालमत्ता असेल तर ती विकत घेणाऱ्याची होते, ठेवीदाराकडून सांभाळणाऱ्याच्या हाती जाते आणि तिच्यामागील चार वर्षांचे लेखन कोणाच्याही स्मरणात राहत नाही. नियम वाकवला तो उलट जुन्या साक्षीदारांनी, साठा गोठवून. आणि योगदानकर्त्यांच्या हिताचे रक्षण त्यांना नियमाबाहेर जाऊनच करावे लागले, ही श्वेतपत्रिकेवरील सर्वांत गंभीर टीका आहे.

अखेर २० मार्च २०२० रोजी सभासदांच्या मोठ्या गटाने खातेवहीची प्रत घेऊन ‘हाइव्ह’ हे वेगळे जाळे उभे केले आणि कंपनीचा साठा त्यातून वगळला. मे महिन्यात जुन्या जाळ्यावर ६४ खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख टोकने नियमबदलाद्वारे काढून घेण्यात आली. दोन्ही बाजूंना न्याय मतपेटीतून मिळाला नाही. एका बाजूने घर सोडले, दुसऱ्या बाजूने जप्ती आणली. हाइव्हनेही वजनदार मतांचे तत्त्व सोडले नाही. नव्याने अडकवलेल्या टोकनांना साक्षीदारांच्या निवडीत ३० दिवस मत नाही, एवढा बांध तेवढा घातला.

एक आक्षेप आणि एक पर्याय

या टीकेवर एक बळकट आक्षेप घेता येतो. जेथे सभासद अनामिक आहेत तेथे ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व अंमलात कसे आणावे? एकच व्यक्ती शंभर खाती उघडील आणि शंभर मते देईल. मताला टोकनाचे वजन देण्यामागे ही खरी अडचण आहे व ती झटकून टाकता येणार नाही.

परंतु ती असाध्य नाही, हे ‘डेबियन’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पावरून दिसते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. येथेही मताधिकार योगदानातूनच मिळतो. कामाचा पुरावा द्यावा लागतो आणि ओळखीची खात्री विद्यमान सभासदाने, बहुधा प्रत्यक्ष भेटून, द्यावी लागते. मात्र एकदा दार उघडले की मत प्रत्येकाचे एकच. ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि सभासदत्व सुटले की तेही सुटते. प्रकल्पप्रमुखाची निवड दरवर्षी याच मतांनी होते. २०१० मध्ये सभासदांनी ठराव करून भाषांतर, दस्तऐवजीकरण यांसारखी कामे करणाऱ्यांनाही पूर्ण सभासदत्वाचे दार उघडले. योगदान कशाला म्हणावे हा प्रश्न तेथे बाजारभावाने सुटला नाही, चर्चेने व मताने सुटला. याची किंमतही आहे. प्रवेशाची प्रक्रिया संथ आहे आणि मतदारांची संख्या साधारण एक हजाराच्या आसपास राहिली आहे.

टोकनाच्या गोटातूनही आत्मपरीक्षण झाले आहे. इथेरियमचे विटालिक ब्युटेरिन यांनी २०२१ मध्ये टोकनाधारित मतदानावर टीका करताना स्टीमचा दाखला घेतला आणि २०२२ मध्ये ग्लेन वाइल व पूजा ओहलहेवर यांच्यासह हस्तांतर न होणाऱ्या टोकनांची कल्पना मांडली. यामुळे विक्रीचा प्रश्न सुटू शकेल; मोजमापाचा नाही. कामाचे गुण अधिकारात रूपांतरित होऊ लागले की काम गुणांसाठी होऊ लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतील ‘एपीआय’ गुणांचा अनुभव घेतलेल्या प्राध्यापकवर्गाला हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष

मोबदला भूतकाळाकडे पाहतो. केलेल्या कामाची ती परतफेड असते. मत भविष्याकडे पाहते. ज्याला निर्णयाचे परिणाम भोगावयाचे आहेत त्याचा तो आवाज असतो. श्वेतपत्रिकेने हे दोन्ही एकाच नाण्यात ओतले आणि ते नाणे बाजारात चालू ठेवले. कष्टकऱ्याला मालक करण्याची तिची आकांक्षा खरी होती, म्हणूनच तिचे अपयश अभ्यासण्याजोगे आहे. योगदानकर्त्याला पैसा द्यावा, वाटा द्यावा, मान द्यावा आणि सभेत जागाही द्यावी. त्या जागेवर त्याचे मत इतरांइतकेच असावे आणि तो उठून गेल्यावर ती जागा त्याला विकता येऊ नये, एवढा दंडक पाळला तरच श्रमातून मिळालेला अधिकार श्रम करणाऱ्याच्या हाती राहू शकेल.