आठ वाजताचा एक नमुना म्हणजे लय नव्हे

महागावहून ‘पेट’ची तयारी करणाऱ्या एका वाचकाने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवला. विषय : झोपेत श्वास अडणाऱ्या स्थूल किशोरांमधली संप्रेरकांची दैनंदिन लय. सोबत प्रश्न, ‘ताई, जमेल का?’ विषय चांगलाच आहे. पण या विषयावरच्या अभ्यासांत हमखास दिसणाऱ्या तीन चुका मसुद्यातही आल्यात. म्हणून त्याला विचारूनच उत्तर इथे लिहितेय.

आधी दावा समजून घेऊ. कॉर्टिसॉल उठल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात टोकाला जातं, दिवसभर उतरतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. लेप्टिन, म्हणजे चरबीच्या पेशींकडून मेंदूला जाणारा ‘साठा पुरेसा आहे’ हा निरोप, रात्री वाढतो. झोपेत घसा मिटला की रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, ताणाची यंत्रणा चाळवते. रात्रभर असं होत राहिलं तर लय बिघडेल, हा तर्क. तर्क पटतो. प्रश्न पुराव्याचा आहे.

पहिली चूक मोजणीची. मसुद्यात सकाळी ८ वाजता लाळेचा एकच नमुना आहे. एका बिंदूवरून रेषासुद्धा काढता येत नाही, लय कुठून काढणार? शिवाय तांड्यावरून एसटीने शाळेत येणारी मुलगी ५ ला उठते, गावातला मुलगा ७:३० ला. आठ वाजता तिचं कॉर्टिसॉल उतरणीला लागलंय, त्याचं टोकाजवळ आहे. हा फरक उठण्याच्या वेळेचा आहे, श्वासाचा नाही. म्हणून नमुने घड्याळाला नाही, उठण्याला बांधा : उठल्याबरोबर, ३० आणि ४५ मिनिटांनी, संध्याकाळी, झोपण्याआधी. तेही एकाहून जास्त दिवस. लेप्टिन घ्यायचं असेल तर जेवणाच्या वेळा लिहून ठेवा. जेवण सरकलं की त्याचा चढही सरकतो.

दुसरी चूक तुलनेची. एका बाजूला स्थूल आणि श्वास अडणारी मुलं, दुसऱ्या बाजूला सडपातळ आणि निरोगी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, मग फरक कुणाच्या नावावर लिहायचा? चरबी जास्त तिथे लेप्टिन जास्त असणारच. स्थूल पण श्वास न अडणारा गट हवाच हवा. आणि १२ वर्षांचा व १६ वर्षांचा मुलगा एका टोपलीत टाकू नका. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. वयासोबत पौगंडाचा टप्पाही नोंदवा.

तिसरी चूक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : व्याख्येची. झोपेत दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला, हा आकडा लहान मुलांमध्ये १ किंवा जास्त आला तर विकार मानतात, प्रौढांत ५ पासून. किशोर मधे लटकलेले. आकडा ३ आला तर तोच मुलगा एका अभ्यासात रुग्ण, दुसऱ्यात निरोगी.

‘स्थूल’चंही तसंच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ सालचा ‘लॅन्सेट’मधला फोटो आठवा. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या तक्त्यांत मुलांसाठी प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयला समांतर रेषा आखल्या. आंतरराष्ट्रीय रेषा २५ आणि ३० च्या आहेत. मसुद्यात आंतरराष्ट्रीय रेषाच उचलली आहे. त्या चाळणीतून महागावातली कितीतरी ‘बारीक दिसणारी पण चरबी असलेली’ मुलं निसटतील आणि थेट निरोगी गटात जाऊन बसतील. मग निकाल ‘फरक नाही’ असा आला, तर तो शरीराचा की चाळणीचा, कसं सांगणार? निदान कंबरेचा घेर तरी मोजा.

मग जमेल का? प्रश्न लहान केला तर जमेल. ‘लय बिघडते का’ असं मोघम विचारू नका. ‘सारख्याच वजनाच्या मुलांमध्ये, श्वास अडणाऱ्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात कमी उतरतं का’ असं विचारा. घोरण्याची प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. रात्रभराची स्लीप स्टडी कुठे होणार, खर्च कोण करणार, हे गाईडशी आधीच बोला. आणि एकदाच मोजताय, तर ‘यामुळे ते झालं’ असं लिहू नका. कमी झोपेने वजन वाढतं, वजनाने श्वास अडतो. बाण दोन्हीकडे जातो.

शेवटचं, एथिक्स कमिटी विचारेल त्याच्याही आधी स्वतःला विचारा : एखाद्या मुलाचा श्वास खरंच अडतोय असं दिसलं, तर त्याला पाठवणार कुठे? अशा मुलांमध्ये टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले असणं हे नेहमीचं कारण, आणि त्यावर उपचार आहेत. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या कान-नाक-घसा विभागाशी आधी बोला, मगच पहिला नमुना घ्या. तुमच्यासाठी तो डेटा असेल. वर्गात डुलक्या घेतो म्हणून बोलणी खाणाऱ्या त्या पोराला मात्र कारण कळायची ती पहिलीच संधी असेल.